आभाळ उघडं, गाव रिकामं

हिशेबी : माझा पहिला प्रश्न किल्लीचा आहे. बीड जिल्ह्यातल्या आपल्या वडवणीत लोकांसाठी वेधशाळा उभी करायची आणि ती हौशी मंडळींनी चालवायची, असं तुम्ही म्हणता. घुमट उभा राहीलही. निधी, देणगीदार, कोनशिला, नारळ हे सगळं आपल्याकडे जमतं. पण उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी किल्ली कोणाकडे? तालुक्याच्या गावातली वाचनालयं आणि व्यायामशाळा कशा बंद पडतात ते आपण दोघांनीही पाहिलं आहे. किल्ली आधी अध्यक्षांकडे असते, मग शेजारच्या पानटपरीवर, मग ती कुठे गेली ते कोणालाच आठवत नाही. शेवटी आत सिमेंटची पोती पडतात. वाचनालयाची पुस्तकं चार वर्षांनी धूळ झटकून वाचता तरी येतात. दुर्बिणीचा आरसा दोन पावसाळे दमट खोलीत पडला, की त्यावरचा ॲल्युमिनियमचा मुलामा गेलाच म्हणून समजा. पगारी माणूस तर तुम्हाला नकोच आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं. तिला पगारही नसतो आणि म्हणून हजेरीही नसते.

हौशी : हजेरीचंच बोलू. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था २२ ऑगस्ट १९४४ रोजी सुरू झाली. आकाश पाहणाऱ्या हौशी लोकांची ती देशातली सर्वांत जुनी संस्था. ऐंशी वर्षं तिथली माणसं दिवसा आपापल्या नोकऱ्या करून रात्री लोकांना तारे दाखवत आली आहेत. हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये आला, त्याच सुमारास मुंबईत खगोल मंडळ उभं राहिलं. धूमकेतू गेला, मंडळ राहिलं. अमावास्येच्या आसपास लोकलने वांगणीला जायचं आणि रात्रभर आकाश बघून पहाटेच्या गाडीने परत यायचं, हा तिथला शिरस्ता. बाहेरच्या जगातही हेच दिसतं. प्रागच्या टेकडीवरची लोकांसाठीची वेधशाळा हौशी मंडळींच्या पुढाकारातून १९२८ मध्ये उघडली, ती आजही चालू आहे. या सगळ्यांकडे किल्लीचं एकच उत्तर आहे. गेल्या वर्षी जो रांगेत उभा होता तो यंदा टॉर्चला लाल कागद गुंडाळून रांग लावतो, आणि पुढच्या वर्षी दुर्बीण रोखतो. किल्ली एका माणसाकडे राहिली की हरवते. ती फिरती ठेवावी लागते.

हिशेबी : पुणं, मुंबई, प्राग. तिन्ही ठिकाणी महाविद्यालयं आहेत, ठरावीक वेळेच्या नोकऱ्या आहेत, निवृत्तिवेतन घेणारी माणसं आहेत. तुम्ही ज्याच्या हाती किल्ली देणार तो वडवणीचा पोरगा बारावीनंतर भरतीच्या तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला नाही तर पुण्याला जातो, तो सणालाच परत येतो. दुसरं असं, की मुंबईकर वांगणीला जातात कारण त्यांचं आकाश दिव्यांनी खाल्लं आहे. आपल्या माळावर ते अजून फुकट आहे. जुन्या माणसांना ते वाचताही येत होतं. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज आणि तिच्यामागे लागलेले तीन चोर, हे मी लहानपणी अंगणात ऐकलं आहे. राखणीला गेलेला माणूस तिकांडं किती कललं ते बघून रात्र किती उरली ते सांगायचा. अशा गावाला नळी दाखवून तुम्ही काय शिकवणार?

हौशी : ‘सांगायचा’ म्हणालात. आज कोण सांगतं? मृगाचं घ्या. सात-आठ जूनला सगळा तालुका ‘मृग निघाला’ म्हणतो, यंदा वाहन कोणतं म्हणून पंचांग बघतो. त्या दिवशी मृग आकाशात दिसत नसतो, कारण सूर्यच त्या नक्षत्रात असतो आणि सगळं नक्षत्र उन्हात बुडालेलं असतं. तोच मृग जानेवारीत रात्री नऊ वाजता डोक्यावर येतो, तेव्हा त्याचं नाव घ्यायला कोणी अंगणात नसतं. तुमचं तिकांडं म्हणजे त्याच मृगाच्या पोटातला बाण. नाव राहिलं, नजर गेली. आणखी एक. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे सूर्य मृगात जाण्याची तारीख ऋतूंच्या मानाने बहात्तर वर्षांत साधारण एका दिवसाने पुढे सरकते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला, तेव्हापासून आजवर ती बाराएक दिवस सरकली आहे. पाऊस ऋतूबरोबर येतो, नक्षत्राबरोबर नाही. पेरणीची गणितं ज्या शब्दावर बांधली तो शब्द हलतो आहे, हे शेतकऱ्याला कळायला नको? भास्कराचार्य तर आपल्याच भागातले. विज्जलवीड म्हणजे बीडच, असं म्हणणारे अभ्यासक होऊन गेले.

हिशेबी : आणि ते तसं नाही म्हणणारेही होऊन गेले. वादातल्या अभिमानावर इमारतीचा पाया घालू नका. तारीख सरकते हे मान्य, पण पेरणीचा निर्णय आता हवामान खात्याचा अंदाज आणि जमिनीतली ओल बघून होतो. बारा दिवसांचं गणित कळून कोणाच्या सोयाबीनला शेंग जास्त धरणार नाही. मला दुर्बिणीजवळ प्रत्यक्षात काय घडतं ते सांगा. मी अशा एका कार्यक्रमाला गेलो आहे. दोनशे माणसं रांगेत, प्रत्येकाला अर्धं मिनिट. शनी हरभऱ्याच्या डाळीएवढा दिसतो. माणूस ‘वा’ म्हणतो आणि घरी जातो. मोबाइलवर त्याच शनीचे याहून शंभरपट देखणे फोटो आहेत. निघताना चारातला एक हळूच विचारतो, ‘सर, साडेसाती कधी उतरेल?’ तुमच्या पुण्यातल्या संस्थेच्या नावातच ज्योतिर्विद्या आहे. तिथे पत्रिका घेऊन कोणी गेलंच नसेल असं मला वाटत नाही. विज्ञान दाखवायला म्हणून बसाल आणि गावात तुमची ओळख ‘ग्रह बघणारे’ अशी होईल.

हौशी : साडेसाती विचारणारा माणूस दारात आला हीच माझी संधी. त्याला मी भाषण देणार नाही, मोजायला लावणार. जयंत नारळीकर आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी २००८ मध्ये हेच केलं. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांकडे दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आलेली उत्तरं शेकडा ४६. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. पत्रिकेवरचा वाद तिथे मोजून झाला. अर्ध्या मिनिटाबद्दल तुमचं बरोबर आहे, अर्ध्या मिनिटाने काही होत नाही. पण आठवीतल्या मुलीला आज रात्री आठ वाजता गुरूच्या बाजूचे चार ठिपके वहीत काढायला सांगा आणि उद्या त्याच वेळेला पुन्हा काढायला सांगा. ठिपके हललेले असतात, एखादा गुरूच्या मागे गेलेला असतो. ते तिला मी सांगितलं नाही, पुस्तकानेही नाही. तिच्या वहीतल्या दोन पानांनी सांगितलं. मोबाइलवरचा देखणा शनी ती नुसता बघते. ही दोन पानं तिची स्वतःची असतात. त्यासाठी दुर्बीण रोज संध्याकाळी त्याच जागी हवी. फिरत्या कार्यक्रमाने हे होत नाही, म्हणून मी वेधशाळा म्हणतो.

हिशेबी : त्या दोन पानांचं मोल मी कमी करत नाही. पण ते काम शाळेचा शिक्षक साध्या द्विनेत्रीने करू शकेल. लोकांची वेधशाळा असेल तर लोकांना तिची गरज कधी पडते?

हौशी : २ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रात ठिकठिकाणी आकाशातून जळत्या रेघांची रांग सरकताना दिसली. कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान पडलं म्हणालं, कोणी क्षेपणास्त्र म्हणालं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं एक मोठं कडं येऊन पडलं. तो चिनी अग्निबाणाचा वातावरणात परत शिरलेला भाग होता. मला त्या रात्रीच्या पहिल्या दोन तासांत रस आहे. ज्याने ती रेघ पाहिली, त्याला कोणत्या दिशेला पाहिली, किती उंचीवर, किती सेकंद, हे विचारणारं कोणी जवळ हवं होतं. दूरवाहिनीवरचा तज्ज्ञ उत्तर देतो. गावातला निरीक्षक प्रश्न विचारतो, आणि पाहणाऱ्याला साक्षीदार करतो.

हिशेबी : अशी पाडव्याची संध्याकाळ तीस वर्षांत एकदा येते, वीजबिल दरमहा येतं. तुम्ही वर्तमानातले दाखले दिलेत, मी थोडे मागचे देतो. पुण्यात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. वीस इंची आरशाची दुर्बीण, चालवणारे कावसजी नायगमवाला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला त्यांनी करमाळ्याजवळच्या जेऊरला तळ ठोकला होता, आपल्यापासून फार लांब नाही. माणूस अव्वल होता. तो १९१२ मध्ये निवृत्त झाला, वेधशाळा बंद झाली, उपकरणं कोडाईकनालला गेली. महाविद्यालयाचं आणि सरकारचं पाठबळ असलेली संस्था एका माणसाबरोबर संपली. तुमच्या मंडळाचं काय होईल?

हौशी : मग आपल्या जुन्या राज्यातलं उदाहरण घ्या. तेव्हा बीड निजामाच्या मुलखात होतं. हैदराबादच्या नवाब जफर जंग यांना आकाशाचा नाद. त्यांनी विलायतेहून पंधरा इंची दुर्बीण आणली आणि १९०१ मध्ये स्वतःची वेधशाळा काढली. ते १९०७ मध्ये वारले. पुढच्या वर्षी सरकारने ती ताब्यात घेतली, ती निजामिया वेधशाळा. सगळ्या आकाशाचा नकाशा करण्याच्या जागतिक कामात तिने आपल्या वाट्याच्या पट्ट्यातल्या साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा मोजल्या. म्हणजे एकाच्या हौसेतून एक संस्था जगली, आणि सरकारी शिक्का असलेली दुसरी मेली. नवाबाचं सोडा म्हणाल, तर बंगालमधल्या जेसोरचे राधागोविंद चंद्र बघा. खजिन्यात नाणी पारखण्याची साधी नोकरी. रात्री छोट्या दुर्बिणीतून रूपविकारी ताऱ्यांची तेजस्विता नोंदवायचे. आयुष्यभरात सुमारे ३७,००० नोंदी अमेरिकेतल्या निरीक्षक संघटनेला पाठवल्या. त्या संघटनेने १९२६ मध्ये त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. जेसोर काही पुणं नव्हतं. दिवसा नाणी पारखणारा माणूस रात्री तारे पारखायचा, आणि त्याच्या नोंदी आजही त्या संघटनेच्या संग्रहात आहेत.

हिशेबी : नवाबाकडे पैसा होता, राधागोविंदांकडे चिकाटी. तुमच्याकडे यातलं काय आहे? चालवण्याचा खर्च कुठून आणणार?

हौशी : पळीभर तेल. हसू नका. चाळीसगावजवळच्या पाटणला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून तिथे मठ काढला. त्याच्या खर्चासाठी काय लावून दिलं ते दगडावर जुन्या मराठीत कोरलं आहे. बाजारातल्या विक्रीवरचा वाटा, आणि जितके तेलाचे घाणे चालतील तितक्या घाण्यांमागे एकेक पळी तेल. आठशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात खगोलाची शाळा पळीपळी तेलावर चालवायचं ठरलं होतं. मला घुमट नको. पत्र्याची खोली आणि रुळावर मागे सरकणारं छप्पर पुरे. दुर्बीण लाकडी पेटीतली, जॉन डॉबसनच्या पद्धतीची. हा गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोत रामकृष्ण संप्रदायाच्या मठात संन्यासी होता. लपूनछपून आरसे घासायचा, त्या नादात १९६७ मध्ये मठाबाहेर पडावं लागलं, मग रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवू लागला. सुतार, वेल्डर आणि आरसा घासायची चिकाटी असलेली दोन पोरं, एवढं वडवणीत आहे. जिनिंगवाला, कृषी सेवा केंद्रवाला, मेडिकलवाला, प्रत्येकाने महिन्याला एक पळी.

हिशेबी : पाटणच्या पळीमागे राजाची सत्ता होती, ती विसरू नका. घाणेवाल्याला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. आणि आज तिथे मठ नाही, शिलालेख आहे. पण मी पैशावर अडत नाही. तुम्ही आकाशाचा एवढा हिशेब केलात, आता जरा गावाचा करू. जून ते सप्टेंबर ढग. चार महिने दुर्बीण पेटीत. ऑक्टोबरपासून आकाश धुऊन निघतं, डिसेंबर-जानेवारीत सर्वांत चांगलं. बरोबर? आता त्याच महिन्यांत वडवणी बघा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या ट्रकात बसतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. नवरा-बायको मिळून एक कोयता, बरोबर लहान पोरं, एखादी शेळी. तांड्यांवर आणि वाड्या-वस्त्यांवर म्हातारी माणसं तेवढी उरतात. परततात ती पाडव्याच्या आगेमागे. म्हणजे तुमचं आकाश उघडतं त्याच आठवड्यात गाव रिकामं होतं. मग ही लोकांची वेधशाळा कोणत्या लोकांची? मागे राहिलेल्या आम्हा नोकरदार-दुकानदारांची. ऊसतोडीला गेलेल्यांच्या नावाने निधी मागायचा आणि शनी आमच्या मुलांनी बघायचा.

हौशी : हे मी असं कधी मांडलं नव्हतं. खरं आहे. मग दुर्बीण पेटीतलीच आहे, ती त्यांच्यामागे जाईल. कारखान्याच्या परिसरात, फडाजवळ, कोप्यांच्या समोर. इथे मागे राहिलेल्या मुलांची हंगामी वसतिगृहं आहेत, तिथे आठवड्यातून एक रात्र.

हिशेबी : वसतिगृहांचं मान्य. आईबापांपासून सहा महिने दूर असलेल्या मुलांना रात्री अंगणात कोणी आपुलकीने घेऊन बसलं तर ते ताऱ्यांपेक्षाही मोठं काम. फडाचं मात्र मला पटत नाही. तिथली बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकरी थापते, अंधारात फडावर जाते. दिवसभर मोळ्या वाहते. रात्री-अपरात्री गाडी भरायला हाक आली की पुन्हा उठते. तिला आठ वाजता रांगेत उभं करून गुरूचे चंद्र दाखवायचे? तिला झोप द्या. आणि एक विचारू? कोणतं नक्षत्र कधी उगवतं हे पुस्तक न उघडता आज कोणाला ठाऊक असेल, तर ते तिलाच. रात्रपाळीच्या विजेवर दारं धरणाऱ्या शेतकऱ्यालाही. तुम्ही म्हणालात, नाव राहिलं, नजर गेली. आपल्या घरांत गेली असेल. ज्यांना रात्र चुकवता येत नाही त्यांच्याकडे ती अजून आहे. तुम्ही त्यांना दाखवणार की त्यांना विचारणार?

हौशी : विचारणार, असं म्हणणं सोपं आहे. पण रात्रीची सक्ती म्हणजे आकाशाचं ज्ञान, असंही समजू नका. पहाटेची चांदणी बघून भाकरी थापणाऱ्या बाईला ती चांदणी म्हणजे शुक्र, त्यालाही चंद्रासारख्या कला असतात, दुर्बिणीतून त्याची कोर दिसते, हे बघायचा हक्क आहेच. आधी झोप, आधी पाणी, आधी मजुरीचा दर, मग आकाश. हा क्रम लावला तर तिची पाळी कधीच येणार नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत आपण हा क्रम लावत नाही. मराठवाड्यातल्याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया उभारायला सरकारने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. दुष्काळी मराठवाड्यात हे कशाला, असं म्हणून तो प्रकल्प थांबवायचा का? मग लाकडी पेटीलाच हा प्रश्न का? वेळेचा तुमचा हिशेब मात्र मी स्वीकारतो. तो थोडा पुढे नेतो. टोळ्या पाडव्याला येतात, ढग मृगाला येतात. पाडवा ते मृग, हे दोन-सव्वादोन महिने आकाशही उघडं आणि गावही भरलेलं. लोकांच्या वेधशाळेचा हंगाम तोच. त्या दिवसांत काय दिसतं माहीत आहे? वडवणी १९ अक्षांशावर आहे. मे महिन्यात रात्री नऊच्या पुढे त्रिशंकूचा क्रूस दक्षिण क्षितिजावर उभा राहतो. दहा-अकराला नरतुरंगातला ओमेगा तारकागुच्छ तेवीस अंशांवर येतो. सतराएक हजार प्रकाशवर्षं दूर, कोटीभर ताऱ्यांचा गोळा. प्रागच्या वेधशाळेतून तो कधीच दिसत नाही, त्यांच्या क्षितिजावर उगवतच नाही. दिल्लीतून दिसतो, पण पार खाली, चौदा अंशांवर.

हिशेबी : तेवीस अंशांवर मे महिन्यात काय असतं तेही सांगा. धूळ. नांगरलेल्या रानांची, वावटळींची, कच्च्या रस्त्यांची. शिवाय हेच दिवस लगीनसराईचे, मांडवाच्या दिव्यांचे. याच दिवसांत रात्री टँकर येतो. आणि अंधार राखायचा म्हणून तुम्ही चौकातला हायमास्ट बंद करायला सांगाल, तर बाया तुम्हाला विचारतील की अंधारात हंडा घेऊन तुमची बायको जाते का.

हौशी : दिवा बंद करा असं म्हणणार नाही, त्याचा उजेड खाली पाडणारं झाकण लावा म्हणेन. टँकरची वाट बघत माणसं रात्री जागी असतात हे तुम्हीच सांगितलंत. दुर्बीण त्या रांगेशेजारी असेल. कोणाला उभं करायला नको, उभीच असतात.

हिशेबी : तहानलेल्या माणसांच्या रांगेशेजारी. त्यात मला काहीतरी खुपतं. ते चूक आहे असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. एखादी पोरगी हंडा ठेवून डोळा लावेल, आणि तिची आई तिच्यावर ओरडेल. दोघींपैकी कोणाच्या बाजूने उभं राहायचं, ते तुमच्या वेधशाळेला तिथल्या तिथे ठरवावं लागेल.

हौशी : त्या वेळी हंडा मी धरेन. निदान पहिल्या वर्षी.

हिशेबी : पहिल्या वर्षी तुम्ही धराल याची मला खात्री आहे. मी दुसऱ्या वर्षाचं विचारतोय. दिवाळीला तीच पोरगी ट्रकात बसेल, तेव्हा तिची ती दोन पानांची वही कोणाकडे राहील?